आम्हाला मीठ बाधत नाही

२० जानेवारी, सोमवार

नवी डायरी. मागच्या तिन्ही डायऱ्या फेब्रुवारीत बंद पडल्या. त्यात माझा दोष नाही, त्या वर्षांत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. यंदा घडणार.

तांड्यावर आज प्रोजेक्टवाले आले होते. विषय मीठ, बीपी आणि आनुवंशिकता. समाजमंदिरात सतरंजी, समोर अंजू. ही माझीच विद्यार्थिनी. आश्रमशाळेत हिला तेराचा पाढा येत नव्हता, आता गळ्यात ओळखपत्र घालून ही निवृत्त मुख्याध्यापकाला जीन्स शिकवते. म्हणणं असं, की दोघांनी सारखंच मीठ खाल्लं तरी एकाचा बीपी चढतो, दुसऱ्याचा जागचा हलत नाही. शरीर मीठ किती धरून ठेवतं हे बरंचसं आईबापाकडून येतं. ज्याचा चढतो तो सॉल्ट सेन्सिटिव्ह, ज्याचा नाही तो रेझिस्टंट. केळी, डाळी, पालेभाज्या यांत पोटॅशियम असतं, त्याने काहींचा उतरतो, तोही सगळ्यांचा सारखा नाही. हे तपासायला सख्खी भावंडं हवीत.

मी उभा राहून विचारलं, आमच्या समाजाचा आणि मिठाचा संबंध ठाऊक आहे का? कोणालाच नव्हता. मग सांगितलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्रापासून वऱ्हाडापर्यंत मीठ वाहायचे. लदेणी म्हणायचे त्याला. पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या गोणीला टेकून झोपलेली माणसं! अशा रक्ताला मीठ बाधेल कसं? टाळ्या पडल्या. अंजू म्हणाली, "तपासून पाहू ना सर." पाहा म्हणावं.

माझं आणि धाकट्या किसनसिंगचं नाव दिलं.

घरी आल्यावर मानीबाई म्हणाली, "मंग तुमचे बा लकव्यानं काहून गेले?" विज्ञानात मध्येच तोंड घालायची बायकोला सवय आहे. बा गेले ते तांड्याच्या नायकाशी भांडण झालं त्या टेन्शनने. सगळ्या तांड्याला माहीत आहे.

२२ जानेवारी, बुधवार

आजपासून सात दिवस अळणी. मग सात दिवस भरपूर मीठ. मग मीठ अधिक पोटॅशियम. जेवणाचा डबा समाजमंदिरातून येणार. किसनची बीपीची गोळी त्यांनी तेवढ्यापुरती थांबवली, रोज तपासणार म्हणे. माझी थांबवायचा प्रश्न आला नाही. मला दोन वर्षांपूर्वीच लिहून दिली होती, पण मी सुरूच केली नव्हती. हे सांगितल्यावर अंजूने कपाळाला हात लावला. लहानपणी पाढा चुकला की असाच लावायची.

संकल्प: सात दिवस मिठाचा कण नाही. आयुष्यभर पोरांना शिस्त लावली, मला काय अवघड आहे?

मानीबाई म्हणाली, दोन प्रकारचा स्वयंपाक कोण करत बसेल, मीही अळणीच खाईन, तुम्हाला सोबत होईल. कर म्हटलं. तिचं नाव प्रोजेक्टमध्ये नाही, तिचा उपयोगही नाही.

संध्याकाळी: डब्यातलं वरण म्हणजे वरण नव्हे, पिवळं पाणी. भाकर घशाखाली उतरेना. माझी तंबाखूची डबी रिकामी पडली होती (तंबाखू मी नोव्हेंबरात सोडली, डिसेंबर धरायचा नाही). तिच्यात थोडं मीठ भरून खिशात ठेवलं. खायला नाही. जवळ असलं की मनाला धीर येतो.

२३ जानेवारी

फक्त दुपारी. फक्त चिमूट. शरीराला एकदम झटका देऊ नये असं कुठेतरी वाचलं आहे.

किसन डबा चाटूनपुसून खातो. "भिया, दोन दिवसांत सवय होते," म्हणाला. त्याला पहिल्यापासून चवीचं ज्ञान कमी.

२५ जानेवारी, शनिवार

एकादशी. उपास धरला. बटाट्याच्या किसात सेंधव घातलं. सेंधव उपासाला चालतं, म्हणजे ते मीठ नव्हे. मीठ असतं तर चाललं असतं का? मानीबाई बघत होती. "खारट तर लागतेच ना," म्हणाली. तिने स्वतः किसात काही घातलं नाही. शास्त्र कळत नाही आणि हट्ट सोडवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला आश्रमशाळेत गेलो. बावीस वर्षं त्या शाळेला दिली. पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची नाही. माझ्या हाताखाली लागलेला कारकून आज अध्यक्ष. मला मागे, पालकांत बसवलं. आदर्श शिक्षक पुरस्काराच्या वेळीही हेच झालं होतं.

दोन आलुबोंडे, चिवडा, वर तळलेल्या मिरच्या. अपमान गिळायला काहीतरी लागतंच. राष्ट्रीय सण आहे, सँपलमध्ये धरू नये.

माझा बीपी रेझिस्टंट निघाला की हीच माणसं सत्काराला बोलावतील. तेव्हा मी वेळ नाही म्हणणार.

२७ जानेवारी

अडचण.

अंजू हसत हसत आली आणि एक पांढरा कॅन देऊन गेली. उद्या दिवसभराची लघवी यात साठवायची. खाल्लेलं मीठ त्यात उतरतं, म्हणजे कोणी डब्याबाहेर काय खाल्लं ते कळतं. "मीठ लपत नाही सर," म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली, कळलं नाही.

विचार केला. एवढं मोठं संशोधन दोन आलुबोंड्यांपायी फुकट जाणं समाजाच्या हिताचं नाही. आणि घरात आठवडाभर काटेकोर अळणी खाल्लेलं एक माणूस आहे.

मानीबाईला सांगितलं. तिने हातातली भाकर परातीत टाकली. मग म्हणाली, "म्हातारपणी माह्या नशिबात हेच राह्यलं होतं." मी समजावलं, सात फेरे घेतले आहेत, नवराबायकोचं सगळं एकच असतं. ती म्हणाली, "मंग रोग बी माह्याच घ्या."

पण कॅन नेला.

२८ जानेवारी, मंगळवार

बीपी मोजला. माझा होता तिथेच, एकशे साठच्या वर. एक पाऊल मागे नाही! किसनचा मात्र धाडकन उतरला, एकशे तीसच्या आसपास. बिचारा. सख्खा भाऊ, पण रक्त कच्चं निघालं. आईच्या माहेरकडचं आलं असावं, ते लोक लदेणीवर फारसे नव्हते.

त्याला याचं काहीच वाईट वाटत नाही. उलट खूश. डोकं हलकं झालं म्हणाला, पायऱ्या चढताना दम लागत नाही. दुपारभर डफ वाजवत बसला. होळीला लेंगीची गाणी गायची ती त्यानेच, आसपासच्या तांड्यांतून त्याला बोलावणी येतात. त्याचा डफ सुरू झाला की म्हाताऱ्याही ओट्यावरून उतरतात. माझ्या भाषणाला कोणी उतरलेलं आठवत नाही. असो.

४ फेब्रुवारी

मिठाचा आठवडा संपला. सात दिवस सरकारमान्य खारट जेवलो. डबी धुऊन ठेवली. माझा बीपी तसाच. किसनचा पुन्हा चढला, डोकं जड आहे म्हणाला. त्याला सांगितलं, मनाने खंबीर राहा.

११ फेब्रुवारी

पोटॅशियमच्या कॅप्सूल आणि रोज केळी. कॅप्सूल घेतल्या नाहीत. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त कशाला करायचं? केळी शेळीला घातली. तिची तब्येत सुधारलेली दिसते. किसनने सगळं खाल्लं, त्याचा थोडा उतरला. माझा अचल.

शेवटी एका काचेच्या नळीत रक्त घेतलं. जीन्स बघायला बाहेर पाठवणार, वेळ लागेल. लागू दे. माझ्या रक्ताला घाई नाही.

२ मार्च, रविवार

रिपोर्ट!!

हरिसिंग राठोड: रेझिस्टंट. स्वच्छ टाइप केलेलं. मोठ्या डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, सख्ख्या भावांत एवढा फरक आम्हाला अपेक्षित नव्हता, तुमची केस इंटरेस्टिंग आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हा शब्द लावला. घरी येताना ऊर भरून आला, हे इथे लिहायला हरकत नाही.

खाली आणखी दोन ओळी आहेत. मिठाने फरक पडत नसला तरी बीपी जास्त आहे, गोळी आजच सुरू करावी, वगैरे. रिपोर्टमध्ये जागा उरली की असं काहीतरी लिहितात.

किसनच्या रिपोर्टवर: तीव्र सेन्सिटिव्ह. मीठ कमी. डबे संपल्यावर पुन्हा सुरू केलेली गोळी चुकवायची नाही.

होळीला भाषण करायचं ठरवलं. विषय, आपलं रक्त आणि मीठ. अर्धं मनात तयार आहे.

५ मार्च

किसन रिपोर्ट घेऊन आला. उंबऱ्यावर बसला. "भिया, मले एक सांगा. आपून एका मायचे, एका बापाचे. तुमी बिनगोळीचे, खारट खाऊन फिरून राह्यले. मंग मलेच कायले हे?" गोळी घेतली की लघवीला सारखं उठावं लागतं, डफाची बैठक मोडते, म्हणाला. आणि अळणी खायला लागल्यापासून लोक चिडवतात, पाहुण्यांत वेगळं ताट मांडावं लागतं.

त्याचा चेहरा पाहून मला कणव आली. थोरला भाऊ आहे मी. बा गेले तेव्हा तो सातवीत होता, त्याला मी सांभाळला. सांगितलं, मशीनला काय कळतं? तू पडला हळवा. मोजायला बसलास की घाबरतोस, घाबरलास की चढतो. माझं रक्त तेच तुझं रक्त, आणि माझ्या रक्ताचा रिपोर्ट हा बघ. होळीपर्यंत गोळी बंद ठेवून पाहा, काही होत नाही.

"तुमी म्हणता तर," म्हणाला. लहानपणी विहिरीत उडी मारतानाही हेच म्हणायचा.

मानीबाई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता. ती बाहेर आली नाही, बोललीही नाही. तिला पटलं असावं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

तांड्यावर बोकड. सळोई शिजली. बोकडाच्या रक्तात शिजवलेली ती आमची खास भाजी, तिखट आणि मीठ सढळ हाताने. किसन आधी थोडीच घेत होता. पुष्पाने पदराआडून हातानेच त्याला पुरे म्हणून खुणावलं. ती माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणून माझ्यासमोर पदर पुढे ओढून असते. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. रीत आहे, आणि चांगली रीत आहे.

मी पळी हातात घेतली. म्हटलं, माझ्या रक्ताचा असशील तर ताट पुढे कर. सगळे हसले. त्याने ताट पुढे केलं. दोनदा वाढलं, वरून पुन्हा भरून घेतलेल्या डबीतलं मीठ भुरभुरलं. अळणी खाऊन जीभ मेली होती भिया, म्हणाला, किती दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं.

भाषण झालं नाही. मी उभा राहिलो तेवढ्यात पोरांनी डफ मागितला आणि किसनने लेंगी उचलली. सगळे तिकडे. पण काय गायला! मीही शेवटी टाळ्या धरल्या. भाषण रामनवमीला करता येईल.

१५ मार्च, सकाळ

किसनला अशक्तपणा. शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणतो. बोलणंही जड, कालची मोहाची असणार. उन्हात नाचल्यावर अंगातलं मीठ जातं, हे पाचवीच्या पुस्तकात आहे. मी स्वतः मीठ-साखर-पाणी करून पाजलं. अर्धं गालावरून ओघळलं. निजवून आलो.

दुपार

तोंड वाकडं झालं. उजवा हात उचलत नाही. जीपमध्ये घालून पुसदला. तिथून म्हणाले, लगेच यवतमाळला न्या. तिथे डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, आत्ताच. पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. पदर खांद्यावर पडलेला होता.

आणखी काही लिहवत नाही. मला भीती वाटते आहे.

१९ मार्च. यवतमाळ

मेंदूत रक्तस्राव. जिवावरचं टळलं. आणताना उशीर झाला म्हणाले. दवाखान्यांची पद्धतच असते, उशीर नेहमी नातेवाइकांचा.

गोळी चालू होती का, असं विचारलं. मी म्हणालो, तो थोडा निष्काळजी आहे. किसन डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याला ऐकू येतं की नाही, ते विचारायचं राहिलं.

बा पण असेच पडले होते. ओसरीत, डाव्या कुशीवर. हे मला का आठवावं?

२ एप्रिल

किसनला घरी आणलं. चालवलं तर पाय ओढत चालतो. शब्द फुटत नाहीत. "भि" म्हणतो आणि पुढचं अडकतं. डफ खुंटीला. काल एका पोराने खेळता खेळता त्यावर थाप मारली, तर याचे डोळे भरून आले. उजव्या हाताकडे बघत राहिला. मी बाहेर येऊन शेळीला पाला टाकला. पाला आधीच टाकलेला होता.

संकल्प: रोज दोन तास त्याला शब्द शिकवायचे. मास्तर आहे मी.

३ एप्रिल

आज जमलं नाही.

४ एप्रिल

पाहुणे होते.

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरबाई आणि अंजू आल्या. जीन्सचा रिपोर्ट आला. मिठाशी संबंध असलेल्या ज्या खुणा त्यांनी तपासल्या, त्या आम्हा दोघां भावांत सारख्याच निघाल्या. जे किसनमध्ये, तेच माझ्यात. बाई म्हणाल्या, नुसत्या खुणांवरून सगळं ठरत नाही, पण मग तुमचा बीपी हलला का नाही, हे कोडं आहे. तुमच्यात काहीतरी वेगळं संरक्षण असेल. पुन्हा तपासायला आवडेल. आठवडाभरात डब्याबाहेर काही खाल्लं नव्हतं ना? कॅन तुमचाच ना?

मी म्हणालो, शंभर टक्के. वेगळं संरक्षण हा शब्द मला पटला. पूर्वजांचं प्रकरण पुन्हा सांगायला घेतलं.

मानीबाई आतून आली. हात पिठाचे. "कॅन माहा होता बाई," म्हणाली. "हे डबीतून मीठ खात होते. रोज. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. किसन बसला होता त्या दिवशी तरी बोलाले पाह्यजे होतं." एवढं बोलून तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला परक्यांसमोर रडताना मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, हिला बरं नाही.

अंजूने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. डबीचा आकार कापडातून दिसतोच.

१२ एप्रिल

अंजू एकटीच आली. माझी नोंद अभ्यासातून काढून टाकली. काढून टाकली म्हणजे काय, विचारलं. "म्हणजे तुमी नव्हतेच, असं धरतात सर." जाताना म्हणाली, तुमचेही आकडे खरे मिळाले असते तर मोठ्या डॉक्टरांनी तुम्हालाही किसनकाकांसारखंच सांगितलं असतं. मीठ कमी, आणि गोळी. आणि किसनकाकांनी त्यांची गोळी सोडली नसती.

तिला शाळेत मीच नापास करायला हवं होतं. पण मी वर चढवलं होतं.

अभ्यासात आता किसन एकटा आहे.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी ओट्यावर बसलो होतो. पुष्पा अंगण ओलांडून आली. मला वाटलं मानीबाईकडे आली. पदर पुढे नव्हता. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोलली. आवाज कसा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बारीक आहे.

हातात गोळ्यांची पाकिटं होती. किसनची. मी बंद ठेव म्हटल्यापासूनच्या, तशाच, न फोडलेल्या.

"यायले दवाखान्यानं दुसऱ्या देल्या," म्हणाली. "ह्या तुमी घ्या, गुर्जी. रक्त तं एकच हाय."

रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पाकिटं ओट्यावर ठेवून गेली. पलीकडून किसन दारात खुर्चीवर बसून बघत होता. मला पाहून त्याने डावा हात उचलला. तो अजूनही माझ्याकडे बघून हसतो, अर्ध्या तोंडाने.

मानीबाईने पाणी आणून दिलं. मी एक गोळी फोडली, जिभेवर ठेवली.

अळणी आहे.